शाल-नारळ झाले, पुढं काय?

२२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी दारात उभं राहून थाळ्या वाजवल्या. एप्रिल २०२१ मध्ये मी बातमीसाठी स्मशानभूमीत जायचो, तेव्हा पीपीई किट घालून सरण रचणारा पालिकेचा एक सफाई कामगार रोज दिसायचा. परवा टपरीवर भेटला. म्हणाला, "साहेब, अजून रात्री अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज आला की उठून बसतो. घरचे म्हणतात, झालं गेलं विसर."

कसं विसरणार? रोज संसर्गाची भीती, लेकरांना जवळ घेता येत नव्हतं, वर शेजाऱ्यांनी वाळीत टाकलेलं. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून ही जखम भरत नाही. मीसुद्धा तेव्हा रोज आकडे छापले, "तू कसा आहेस?" हे त्याला एकदाही विचारलं नाही.

सत्कार पुरे झाले. आशाताई, सफाई कामगार, अ‍ॅम्ब्युलन्सचालक यांच्यासाठी पालिकेनं मानसोपचारतज्ज्ञ बोलावून शिबिर घ्यावं, हीच मागणी. तोवर टेली-मानसचा १४४१६ नंबर जवळ ठेवा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. आणि कुणी बोलायला लागलं तर 'विसर' म्हणू नका. ऐकून घ्या.