वाचायला वेळ मिळतो कसा?

डिसेंबर आला की रविवारच्या पुरवण्यांत नामवंत मंडळी आपण वर्षभरात काय वाचलं ते सांगतात. कुणी पंचवीस पुस्तकं, कुणी चाळीस. ती वाचली जात असताना घरात कुकर कुणी लावला, हे मात्र कुणी लिहीत नाही.

केंद्र सरकारची २०२४ ची वेळ-वापर पाहणी त्याचं उत्तर देते. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. फरक तीन तास एकवीस मिनिटांचा. एवढ्या वेळात रोज शंभर पानं सहज वाचून होतील!

माझ्या वर्षाची यादी चारच पुस्तकांची आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ आणि कविता महाजनांची ‘ब्र’. सगळी वाचली ती एसटीत, रेशनच्या रांगेत आणि सगळे झोपल्यावर.

पण मैत्रिणींनो, बोट फक्त घराकडे दाखवून भागणार नाही. एकदा बैठकीच्या मधल्या वेळात मी ‘स्मृतिचित्रे’ वाचत होते. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या सोवळ्या वडिलांचे प्रताप वाचून मला हसू आवरेना. शेजारची कार्यकर्ती म्हणाली, “मजा आहे बाई तुझी! आम्हाला नाही मिळत वेळ.” मी मुकाट्याने पुस्तक शबनममध्ये टाकलं, जणू चोरी पकडली गेली होती. हेच सासूबाई म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. आपल्याच माणसापुढे मात्र मान खाली घातली.

आपल्या कार्यालयांतली कपाटं उघडून बघा. कायद्याच्या पुस्तिका, प्रशिक्षणाचं साहित्य, अहवाल. ते हवंच. पण त्यात कथा-कादंबरी किती? बाईने शिकण्यासाठी वाचावं, हक्क समजून घेण्यासाठी वाचावं, हे आपल्याला पटतं. केवळ आनंदासाठी वाचावं, हे अजून चैनीत जमा आहे. म्हणजे बाईचा प्रत्येक क्षण कुणाच्या तरी उपयोगी पडलाच पाहिजे, हा जुनाच नियम आपण नव्या भाषेत पाळतो आहोत.

रमाबाई रानडे शिकू लागल्या तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना टोमणे मारले. बेबीताई आपल्या छोट्या दुकानात माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत. स्वतःचं लेखन तर त्यांनी कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. पुढे १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. रद्दीचा तो कागद कुठल्या कार्यक्रमपत्रिकेत बसला असता? आपण तरी त्यांना वेळ दिला असता का?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. समान वेतन मागतो तसाच फुरसतीतला समान वाटाही मागू या. गटाच्या प्रत्येक बैठकीत अर्धा तास वाचनाला ठेवू या. जिला वाचता येत नाही तिला दुसरीने वाचून दाखवावं. त्याचा अहवाल लिहायचा नाही, त्यातून काय बोध घेतला हेही विचारायचं नाही.

आणि पुढच्या डिसेंबरात आपण आपल्या याद्या छापू. दोन पुस्तकांची यादीही चालेल. फक्त प्रत्येक नावापुढे एवढं लिहू या: हे वाचताना चहा कुणी केला.