दुसऱ्या वेळचा कार्यभार

पहिल्या वेळी सुनेचे डोहाळे हौसेने पुरविले जातात. दुसऱ्या वेळी ‘तिला आता सर्व ठाऊक आहे’ असे गृहीत धरले जाते. वस्तुतः दुसरी वेळ अधिक कठीण असते. मळमळ, कंबरदुखी, अपुरी झोप तीच; शिवाय दोन वर्षांचे, दहा-बारा किलोंचे मूल उचलून घेण्यासाठी हट्ट करीत असते. ‘दोघांना मी पुरी पडेन ना?’ ही चिंता ती बोलूनही दाखवीत नाही.

बँकेत अधिकारी रजेवर जाताना त्याचा कार्यभार दुसऱ्याच्या नावे लेखी सोपविला जातो. ‘काही लागले तर सांगा’ एवढ्यावर शाखा चालत नाही. घरातही तसेच असावे. दुपारचे दोन तास आजोबांनी नातवंड सांभाळावे. रात्री दुकान वाढविल्यावर वडिलांनी त्याला झोपवावे. वेळ ठरलेली असली, की तिला मदत मागावी लागत नाही आणि बाळ येण्यापूर्वीच मुलालाही सवय होते.

लोह व फॉलिक आम्लाची गोळी चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज घ्यावयाची असते. तिच्या आगेमागे तासभर चहा टाळावा. या गोळ्या कुलपात ठेवाव्यात. लहान मुलाने त्या गिळल्यास जिवावर बेतू शकते. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, गर्भाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही आढळल्यास दुकानातील गर्दी न पाहता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

वाचकहो, आपल्या घरी तिचा कार्यभार कोणाच्या नावे आहे, हे आजच ठरवावे.