वेगाचे ई-चलान मान्य नाही? टपालाने दाद मागता येते का?

नाशिक रोडहून पुणे महामार्गाला लागलेल्या गाडीचा वेग स्पीडगनने टिपला, की मालकाच्या मोबाइलवर ई-चलान येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनासाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे. पण चूक झालीच नसेल, तर कोर्टाची पायरी न चढता पत्राने ते सांगता येईल का?

कायदा काय म्हणतो?

कलम २०८ मध्ये टपालाची सोय आहे, पण ती गुन्हा कबूल करणाऱ्यासाठी. समन्समध्ये तसा पर्याय दिला असेल, तर नोंदणीकृत पत्राने कबुली आणि रक्कम पाठवता येते. हजर राहावे लागत नाही. आरोप नाकारायचा असेल, तर स्वतः किंवा वकिलामार्फत न्यायालयात उभे राहावे लागते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मात्र लेखी म्हणणे टपालाने पाठवून खटला लढवता येतो. रक्कम आधी भरावी लागते. निकाल विरोधात गेल्यास नव्याने सुनावणी मागता येते.

मग घरबसल्या काय शक्य आहे?

• महाट्रॅफिक अ‍ॅपवर चलानविरुद्ध तक्रार नोंदवता येते. नंबर चुकीचा वाचला गेला असेल, तर फोटो जोडावा. ही तक्रार पोलिसांकडे जाते, न्यायालयाकडे नाही.
• प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात असेल, तर दंड भरणे किंवा आव्हान देणे, असे दोन पर्याय मिळतात. आव्हान दिल्यास ते नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते.
• लोकअदालतीत तडजोड होते. तिथे निर्दोष असल्याचा निकाल मिळत नाही.

चलानमध्ये काय तपासावे?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यानुसार नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असते. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट दिसावी. नोंदलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण द्यावे लागते. उपकरणाला मंजुरीचे प्रमाणपत्र हवे, तेही दरवर्षी नूतनीकरण केलेले. यात त्रुटी आढळली, तर ती सुनावणीत मांडता येते.

खरी अडचण कुठे?

दंड भरायला दोन मिनिटे पुरतात; तो नाकारायला दिवसाची मजुरी किंवा वकिलाची फी मोजावी लागते. म्हणून चूक नसतानाही पैसे भरून मोकळे होणे अनेकांना परवडते. कबुलीसाठी असलेली टपालाची वाट नकारासाठीही खुली झाली, तरच हा हिशेब बदलेल.