झाड न्हाणीघरात, पण झरोका उघडा आहे ना?

घर सजवायचं म्हटलं की पूर्वी आपली धाव दिवाणखान्यापर्यंतच असायची. पडदे बदलले, शोकेस पुसली, टीव्हीवर विणलेला रुमाल टाकला की घर सजलं! मग स्वयंपाकघराचा नंबर लागला, ओटे चकचकीत झाले, ट्रॉल्या आल्या. आता पाळी आली आहे न्हाणीघराची, म्हणजे आपल्या बाथरूमची. टाइल्सच्या दुकानातला फोटो बघा, नव्या फ्लॅटची जाहिरात बघा, नाहीतर मोबाइलवर मैत्रिणीने पाठवलेला व्हिडिओ बघा. पांढऱ्याशुभ्र बाथरूमच्या कोपऱ्यात एक हिरवंगार झाड डौलात उभं असतंच. ही हौस आता फक्त पुण्या-मुंबईची राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातल्या नर्सरीतही 'बाथरूममध्ये जगेल असं काहीतरी द्या हो' म्हणणाऱ्या बायका भेटतात.

आणि थंडी पडली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमीही दर वर्षी भेटते. गॅस गीझर, बंद न्हाणीघर आणि आंघोळीला गेलेलं माणूस बाहेरच आलं नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला पंधरा वर्षांची मुलगी अशीच गेली. गाव बदलतं, बातमी तीच राहते.

तुम्ही म्हणाल, कुठे ते हिरवं झाड आणि कुठे ही बातमी! पण दोन्हींचा संबंध एकाच गोष्टीशी आहे. आपल्या न्हाणीघरातली हवा. झाड आणताना 'ते हवा शुद्ध करतं' असं सांगून आपल्याला विकलं जातं, आणि ज्या झरोक्याने खरोखर हवा बदलते तो मात्र आपण पुठ्ठा लावून बंद करतो. म्हणून या हौसेचा जरा नीट विचार करू या.

झाडं तेव्हाही होती

न्हाणीघर आणि झाडं यांचं नातं काही नवीन नाही बरं का. आपल्या आज्यांच्या वेळी न्हाणीघर घराच्या मागच्या अंगाला असायचं. एका बाजूला तांब्याचा बंब किंवा चुलाणा, दगडी मोरी आणि भिंतीतून बाहेर जाणारी पन्हळ. त्या पन्हळीच्या तोंडाशी अळू, कर्दळ आणि केळी हमखास असत. आंघोळीचं पाणी तिकडे जायचं आणि त्या पाण्यावर अळवाची पानं सुपाएवढी व्हायची. कर्दळीचं तर विशेष आहे. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी आज जे वनस्पतींचे वाफे तयार करतात, त्यात कर्दळ मुद्दाम लावली जाते. आजीला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण कुठे काय लावायचं हे तिला पक्कं माहीत होतं.

तेव्हा झाड भिंतीच्या बाहेर होतं आणि आतली हवा कौलांच्या फटीतून खेळत होती. आता घरं स्लॅबची झाली. न्हाणीघर घराच्या पोटात आलं, कधी जिन्याखाली, कधी दोन खोल्यांच्या बेचक्यात. स्वच्छ भारत अभियान २०१४ मध्ये सुरू झालं, त्यानंतर कितीतरी घरांत पहिल्यांदा संडास-बाथरूम आलं. बायकांची अंधारात बाहेर जाण्यातून सुटका झाली. हे फार मोठं काम झालं, यात शंकाच नाही. पण बांधताना जागा अपुरी आणि पैसे मोजके. त्यात पहिली काटछाट कशावर? खिडकीवर! 'एवढीशी तर जागा, तिला कशाला हवी खिडकी?' असं मिस्त्री म्हणतो, घरातले पुरुष मान डोलावतात, आणि दिवसाकाठी त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ कपडे धुणाऱ्या, फरशी घासणाऱ्या बाईला कुणी विचारतच नाही.

'हवा शुद्ध करणारी' झाडं

आता त्या हवा शुद्ध करण्याच्या दाव्याकडे येऊ. हा दावा अगदीच हवेतून आलेला नाही. १९८९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेसाठी वुल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोग केले होते. पूर्ण बंद पेटीत झाडं ठेवली, त्यात बेंझिन, फॉर्माल्डिहाइड असे वायू सोडले आणि ते कमी होतात का ते पाहिलं. ते कमी झाले. झालं! तेव्हापासून 'नासाने सांगितलेली झाडं' म्हणून याद्या फिरू लागल्या. करोनाच्या काळात तर 'ऑक्सिजन देणारी झाडं' असे निरोप आपण सगळ्यांनीच वाचले.

पण आपलं घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असे बरेच जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. दारं-खिडक्यांतून साध्या येण्या-जाण्याने घरातली हवा जितकी बदलते, तितकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. आपलं पाच बाय चार फुटांचं न्हाणीघर दोन चौरस मीटरही भरत नाही. तिथे कमीत कमी अठरा-एकोणीस कुंड्या ठेवायच्या म्हटल्या तर बादली ठेवायची कुठे आणि आपण बसायचं कुठे?

झाडाने मन प्रसन्न होतं, हे अगदी खरं. अनेक घरांत बाईला आतून कडी लावता येईल अशी ती एकच जागा असते. तिथली पाच मिनिटं तिची स्वतःची असतात. त्या पाच मिनिटांत समोर काही हिरवं दिसावं असं तिला वाटलं, तर ती काही नुसती फॅशन नाही. तेव्हा हौस जरूर करा, फक्त हवेचं काम झाडावर सोपवू नका.

जो वास येत नाही, तो घात करतो

गॅस गीझरचं तसंच आहे. वीज जाते-येते, विजेचं बिल परवडत नाही, म्हणून लहान गावांत गॅस गीझर घरोघर आले. पाणी झटकन गरम होतं. पण गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. मग शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातापायांतलं बळ जातं. कडी काढायची ताकदही उरत नाही. यावर कुंडीतल्या झाडाचा काडीचाही उपयोग नाही. मग ते कितीही महागाचं असो आणि नर्सरीवाल्याने काहीही सांगितलेलं असो.

म्हणून झाड आणण्याआधी घरातल्या माणसांकडून दोन-तीन कामं करून घ्या. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावून घ्या आणि गरम पाणी नळीने आत आणा. ते होईपर्यंत बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, दार थोडा वेळ उघडं ठेवायचं आणि मगच आंघोळीला जायचं. एकामागून एक चौघांच्या आंघोळी सलग उरकायच्या नाहीत. कडी अशी असावी की वेळ आली तर बाहेरून उघडता येईल. आत गेलेल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही तर वाट बघत बसू नका. दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

तसंच एक साफसफाईचं. फरशीचे डाग काढायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि कोंडलेल्या जागेत तो छातीत बसतो. शेजारची कुंडी तर त्या वाफांनी आधीच माना टाकते.

बाटलीतलं पाणी आणि ड्रममधलं पाणी

न्हाणीघरात सगळ्यात जास्त दिसतो तो काचेच्या बाटलीतला मनी प्लांट. माती नाही, चिखल नाही, फुकटात होतो. पण डेंग्यूचा एडिस डास नेमकं असंच साचलेलं स्वच्छ पाणी शोधत असतो. त्याच्या अंड्यातून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, बाटली आतून ब्रशने घासावी लागते. पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं घरी येऊन मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंडीखालच्या ताटल्या बघतात, त्याचं कारण हेच. आशाताई आली की तिला दारातून परत पाठवू नका.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दोष सगळा त्या बाटलीचा नाही. आपल्याकडच्या अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. कुठे दोन दिवसांआड, कुठे आठवड्याने येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. अशा गावातल्या बाईने न्हाणीघरात दोन-तीन ड्रम भरून ठेवले नाहीत तर ती काय करणार? बाटलीत ओंजळभर पाणी असतं, ड्रममध्ये दोनशे लिटर! 'पाणी साठवू नका' हे सांगणं सोपं आहे. पण नळाचं पाणी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येईल याची हमी नगरपालिकेने द्यायला हवी आणि ती मागण्याचं काम आपल्या बचत गटांनी, महिला मंडळांनी करायला हवं. तोवर ड्रमवर घट्ट झाकण किंवा जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं बांधायचं, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. त्या दिवशी ड्रम, बादल्या आणि झाडाची बाटली सगळं रिकामं करून घासायचं. ज्यांच्याकडे पाणी आठवड्यानेच येतं, त्यांनी पाणी यायच्या आदल्या दिवशीच हे उरकावं.

खिडकी का बंद असते?

बायकांच्या बैठकांमधून फिरताना मी हा प्रश्न मुद्दाम विचारते. थंडीचं कारण सांगतात, पण ते नंतर. पहिलं कारण असतं लाजेचं. 'उघडली की समोरच्या गच्चीवरून दिसतं हो ताई, म्हणून पुठ्ठा ठोकला,' असं एक वहिनी म्हणाल्या आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईच्या अब्रूची काळजी म्हणून तिची हवाच बंद करायची, असा हा मामला!

आणि इथेच झाड खरं उपयोगी पडतं. त्याला कोपऱ्यात अंधारात उभं करू नका, झरोक्यात बसवा. झडपांची खिडकी असेल तर तिच्या कठड्यावर दोन लांबट कुंड्या ठेवा किंवा गजाला टांगा. मनी प्लांटचे वेल, स्पायडर प्लांट, नेचे यांचा दाट पडदा तयार होतो. बाहेरून आत दिसत नाही, हवा मात्र येते-जाते. झाडालाही उजेड मिळतो. बांधकाम नवं असेल तर खिडकी डोक्याच्या वर, पण उघडणारी ठेवायला सांगा, आणि पाया भरायच्या आधी सांगा. नंतर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही.

खिडकी अगदीच नसेल तर? मग आधी एक्झॉस्ट फॅन लावा आणि दाराखाली हवा आत यायला फट ठेवा. नाहीतर भिंतीला काळी बुरशी धरते, आणि झाडाच्या ओलाव्याने ती वाढतेच. अशा जागी झाड ठेवायचंच असेल तर दोन कुंड्यांची जोडी करा. एक आठवडाभर आत, दुसरी अंगणात किंवा गॅलरीत, मग अदलाबदल. कुठलंही झाड नुसत्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडावर वर्षानुवर्षं जगत नाही. स्नेक प्लांट बराच काळ तग धरतो, पण त्याला पाणी अगदी कमी लागतं. रोज शिंतोडे उडाले तर मुळं कुजतात, म्हणून त्याला उंच फळीवर जागा द्या. नेच्यांना मात्र दमट हवा मनापासून आवडते. साबणाचं पाणी मात्र कुठल्याच कुंडीत जाऊ देऊ नका.

घरात रांगतं मूल असेल तर आणखी एक काळजी घ्या. मनी प्लांट, पीस लिली, डिफेनबेकिया यांच्या पानांत तेच स्फटिक असतात, ज्यांच्यामुळे कच्चा अळू खाजतो. मुलाने पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. अशी झाडं हाताला लागणार नाहीत अशी टांगा.

मैत्रिणींनो, तीस-चाळीस रुपयांच्या कुंडीने न्हाणीघर सुरेख दिसणार असेल तर हौसेला मोल नाही, जरूर आणा. पण नर्सरीत जायच्या आधी आज एकदा आपल्या न्हाणीघरात उभं राहून वर बघा. झरोक्याला पुठ्ठा, प्लास्टिक, जुनं वर्तमानपत्र काही लावलं असेल तर ते काढा. तिथे बाहेरची हवा येऊ दे. मग त्याच जागी झाड ठेवा.