यंत्राचा कान आणि आमची बोली

शेतकऱ्यास सल्ला देण्याच्या ज्या नव्या योजना अलीकडे निघाल्या, त्यांपैकीं बऱ्याच योजनांत एक गोष्ट समान दिसते. शेतकऱ्यानें लिहावें अशी अपेक्षा आतां सुटत चालली आहे. त्यानें बोलावें आणि यंत्रानें ऐकावें, असा रोख आहे. केंद्र सरकारनें २०२३ सालीं पी. एम. किसान योजनेसाठीं 'किसान ई-मित्र' सुरू केला, तो याच जातीचा. २०२५ सालीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें शेतीकरितां कृत्रिम बुद्धिमत्तेचें स्वतंत्र धोरण मंजूर केलें. तेव्हां अशा साधनांची संख्या वाढतच जाणार. कल्पना उत्तम आहे. परंतु नांदेड-लातूरकडील शेतकऱ्याचें बोलणें त्या यंत्रास कळतें काय, हा प्रश्न आमच्या संस्थांनीं अद्याप स्वतः तपासून पाहिलेला दिसत नाहीं. तो तपासण्याचें साधन आतां विनामूल्य मिळतें आणि संस्थेच्या कचेरींतील संगणकावर बसवितां येतें. तें प्रत्येक तालुक्याच्या संस्थेनें बसवावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमची बोली कशी आहे तें पाहा. आमच्याकडे 'काय करायलास?' असें विचारतात. पुस्तकांत 'काय करीत आहेस?' असें छापलेलें असतें. देगलूर, बिलोली, धर्माबादकडील मराठीवर तेलुगूचा हेल आहे, उदगीर-निलंग्याकडे कानडीचा. किनवटच्या डोंगरांत गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोली घरीं बोलून बाजारांत मराठी बोलणारे लोक आहेत. 'हायब्रीड' म्हटलें कीं आमचा शेतकरी संकरित ज्वारी समजतो. 'एमएयूएस एकाहत्तर', 'बीडीएन सातशें अकरा', 'नांदेड चव्वेचाळीस' हीं वाणांचीं नांवें धड मराठीही नव्हेत आणि धड इंग्रजीही नव्हेत. त्यांत सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हा आमचा हिशेब! 'तुरीला मर लागली' याचें 'तुरीला मार लागला' असें यंत्रानें लिहिलें, तर वाचणारा हसून सोडून देईल. पण फवाऱ्याच्या पंपास औषध किती घ्यावें हें विचारतांना अगर सांगतांना 'दीड' चें 'दहा' झालें, तर पीक आणि फवारणाऱ्याचा जीव दोन्ही धोक्यांत येतात.

येथें हें यंत्र ऐकतें म्हणजे काय करतें, तें समजून घेतलें पाहिजे. तें ध्वनीचे सेकंदाच्या शंभराव्या भागाइतक्या टप्प्यांनीं तुकडे पाडतें, प्रत्येक तुकड्यांत उंच व खालचे स्वर किती आहेत तें मोजतें, आणि पूर्वीं ऐकलेल्या बोलण्याशीं ताडून 'येथें बहुधा हा शब्द असावा' असा अंदाज बांधतें. दूरच्या जिल्ह्यांतून बदलून आलेला तलाठी पहिले कांहीं महिने जसें करतो, तसेंच हें. जें पूर्वीं कानावर पडलें असेल तेंच तो लिहितो. फरक इतकाच कीं, तलाठी न कळल्यास पुन्हा विचारतो. यंत्र बहुधा विचारीत नाहीं, ठोकून देतें.

मग यंत्राच्या कानावर मराठी पडली किती? 'व्हिस्पर' हें साधन ओपन-एआय या अमेरिकन कंपनीनें २०२२ च्या सप्टेंबरांत सर्वांस खुलें केलें. तें एकंदर ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर तयार झालेलें होतें. परंतु मराठी ऐकून मराठींत लिहिण्याचा धडा त्यांत एका तासाचाही नव्हता. पुढील आवृत्त्यांत भर पडली आहे, तरी मूळ प्रमाण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. याच्या उलट मद्रास आय. आय. टी. मधील 'एआय-फॉर-भारत' या गटाचें काम पाहावें. त्यांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'इंडिकव्हॉइसेस' या संग्रहांत २२ भारतीय भाषांतील, १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ लोकांचें मिळून ७,३४८ तासांचें बोलणें आहे, आणि त्यांतील बराच मोठा भाग वाचून दाखविलेला नसून सहज बोललेला आहे. याच गटाचें 'इंडिक-कॉन्फॉर्मर' हें साधनही मोफत मिळतें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें 'रेस्पिन' या प्रकल्पांत मराठीसह नऊ भाषांच्या बोली शेती व बँकव्यवहार या विषयांवर जमविल्या, तेंही काम याच दिशेचें.

आणि हें सारें अगदीं नवें आहे असेंही नाहीं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीं केंद्र सरकारच्या साहाय्यानें कांहीं संशोधन संस्थांनीं दूरध्वनीवर बोलून बाजारभाव विचारण्याची एक व्यवस्था सहा भाषांत तयार केली. त्यांत मराठी होती, व तिचें काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें व मुंबई आय. आय. टी. नें पाहिलें. त्यासाठीं शेतकऱ्यांचेच आवाज मोबाईलवरून, भोंवतालच्या गोंगाटासह, गोळा केले होते. ती व्यवस्था माल, जिल्हा आणि बाजार एवढेंच विचारी, आणि संशय आल्यास उलट विचारून खात्री करून घेई. आजच्या मोठमोठ्या साधनांनीं हा जुना विनय उचलला तर बरें होईल.

कोणी म्हणेल, हातांतल्या मोबाईलवर बोललेलें टाईप होतेंच, मग हा खटाटोप कशाला? याचें उत्तर बियाण्यांत आहे. सरळ वाणाचें बीं घरीं राखतां येतें, शेजाऱ्यास देतां येतें, चांगलीं कणसें निवडून सुधारतां येतें. संकरित बीं दरसाल दुकानांतूनच आणावें लागतें. मोबाईलवरील सोय बहुतेक ठिकाणीं दुसऱ्या जातीची आहे. आपला आवाज कंपनीच्या यंत्राकडे जातो, तेथून अक्षरें परत येतात. मधल्या कामांत आपल्याला हात घालतां येत नाहीं, आणि उद्यां ती सोय बंद झाली तर विचारणार कोणास? मुक्त-स्रोत साधन पहिल्या जातीचें. तें उतरवून घ्यावें, उघडून पाहावें, आपल्या बोलीवर पुन्हा घडवावें, दुसऱ्या संस्थेस द्यावें, सर्व मोकळें. मात्र एवढें खरें कीं, 'व्हिस्पर'च्या मालकांनीं साधन दिलें, तें ज्या ध्वनीवर घडलें तो ध्वनि दिला नाहीं. मद्रासच्या गटानें दोन्ही दिलीं, म्हणून आमचा कल तिकडे अधिक आहे.

बसविण्याचें काम महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारा कोणीही विद्यार्थी करूं शकेल. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेंत असे विद्यार्थी पुष्कळ आहेत. 'व्हिस्पर'ची 'व्हिस्पर-सीपीपी' ही हलकी आवृत्ति ८ जी. बी. स्मृतीच्या साध्या संगणकावर चालते. तिचा लहान संच सुमारें अर्धा जी. बी. चा आहे, मोठा सुमारें तीन जी. बी. चा, एकदां उतरवून घेतला कीं पुढें इंटरनेट लागत नाहीं. लहान संच मराठीस फारसा उपयोगी नाहीं, आणि मोठा संच साध्या संगणकावर सावकाश चालतो. घाई करूं नये. 'इंडिक-कॉन्फॉर्मर' बसवितांना खटपट अधिक, पण भारतीय भाषांसाठींच तें घडलेलें आहे. मोबाईलवरील ध्वनिमुद्रण सेकंदास १६,००० नमुन्यांच्या मापांत उतरवून घ्यावें लागतें. त्यासाठीं 'एफएफएमपेग' हें मोफत साधन पुरतें.

दोन खोडी मात्र आधींच सांगून ठेवतों. 'व्हिस्पर'ला भाषा सांगितली नाहीं तर तें पहिल्या ३० सेकंदांवरून स्वतःच ठरवितें, आणि मराठीस हिंदी समजून बसण्याचा संभव असतो. म्हणून भाषा मराठी आहे असें प्रत्येक वेळीं नेमून द्यावें. दुसरी खोड अधिक वाईट. जेथें कोणी बोलत नाहीं, नुसता वारा किंवा मोटारीचा आवाज आहे, तेथें तें कधीं कधीं आपल्या पदरचें अख्खें वाक्य घालतें. वाक्य सुबक असतें, म्हणून चूक डोळ्यांत भरत नाहीं.

बसविल्यावर परीक्षा घ्यावी. शंभर शब्दांत किती चुकले हें मोजण्याची रूढ पद्धति आहे; परंतु तींत 'बरं का' चुकलें काय आणि 'अडीच' चुकलें काय, दोन्ही सारखेंच धरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें माप अपुरें आहे. आंकडे, वाण, कीड व औषधांचीं नांवें यांचा हिशेब निराळा ठेवावा, आणि तेथें चुका होत आहेत तोंवर अशा यंत्रामार्फत मिळालेलें औषधाचें प्रमाण माणसानें तपासल्याखेरीज कोणीही वापरूं नये.

परीक्षेसाठीं व पुढें यंत्रास शिकविण्यासाठीं आवाज लागतील, ते आम्हींच दिले पाहिजेत. उदगीर, औसा, देगलूर, किनवट, अर्धापूर अशा भिन्न बोलींच्या तालुक्यांतून थोडे थोडे लोक निवडावे. त्यांत निदान निम्म्या स्त्रिया असाव्यात. निंदणी व वेचणी ज्यांच्या हातीं, किडीचा पहिला पत्ता बहुधा त्यांनाच लागतो. आवाज ज्याचा त्याच्या मालकीचा आहे. तो कशासाठीं घेतला व कोणास देणार हें सांगून संमति घ्यावी, आणि मुद्रणांत गट क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचें खातें येऊं देऊं नये. खरिपाची धांदल सुरू होण्यापूर्वींचा उन्हाळा या कामास सोयीचा आहे.

ऐकून लिहून काढण्याचें काम शिकलेल्या मुलांकडे जाईल, त्यांना मात्र एक ताकीद द्यावी. म्हातारी 'करायलास' म्हणाली असेल तर 'करीत आहेस' असें शुद्ध करून लिहूं नये. जसें बोललें तसेंच उतरवावें.