मनोरुग्णाची साखर कोण तपासणार?

तीव्र मानसिक आजाराची गोळी जिथे मिळते, तिथेच रुग्णाची साखरही तपासली गेली पाहिजे, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे.

मधुमेह-रक्तदाब तपासणीची देशव्यापी मोहीम २० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात झाली, ती तिशीपुढच्यांसाठी. स्किझोफ्रेनिया मात्र बहुधा विशीच्या आसपासच गाठतो, आणि त्यावरची ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधे पहिल्या काही महिन्यांतच वजन व साखर वाढवू शकतात. म्हणजे पालीसारख्या गावातला पंचविशीचा रुग्ण या चाळणीतून निसटणारच. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून तो घरी आला, तरी गोळ्या चालूच राहतात. तहान वाढते, थकवा येतो; घरचे म्हणतात, औषधाची गुंगी असेल. डॉक्टरांनीही तसेच मानले, तर ते अधिक गंभीर.

तीव्र मानसिक आजाराचे रुग्ण इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी दगावतात, आणि त्यांतले बरेच मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजाराच्या रुग्णांसारख्याच वागणुकीचा हक्क मनोरुग्णांना दिला आहे. आरोग्य विभागाने तो पालीपर्यंत पोहोचवावा. औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी व पुढे दरवर्षी, वयाची अट न घालता साखर तपासावी आणि तिची नोंद डिस्चार्ज कार्डावर करावी. मधुमेहाच्या व मनोविकाराच्या गोळ्या एकाच दिवशी, एकाच ठिकाणी द्याव्यात. अन्यथा साखरेला घाबरून घरच्यांनी मनोविकाराची गोळी परस्पर बंद केली, तर आजार पुन्हा उलटेल.