गुळण्या किती दिवस, तेही लिहा

प्रति,
अध्यक्ष, इंडियन डेंटल असोसिएशन, मुंबई

महोदय,


दाढ काढल्यावर किंवा हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या सांगितल्या जातात. ब्रश नीट फिरवता येत नाही त्या दिवसांत त्यांचा उपयोग होतो, याबद्दल वाद नाही. पण जखम भरते आणि बाटली बेसिनवरच राहते. तोंडाला वास येतो म्हणून, मग नुसत्या सवयीने, महिनोन्‌महिने गुळण्या चालू राहतात. काळजी वाटते ती याची, कारण याचा संबंध रक्तदाबाशी असू शकतो.

पालक, माठ, मुळा, बीट यांतून नायट्रेट पोटात जाते. रक्तात आलेल्या नायट्रेटपैकी सुमारे २५ टक्के लाळग्रंथी ओढून घेतात आणि लाळेत सोडतात. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात; आपल्या पेशींना ते काम फारसे जमत नाही. गिळलेल्या नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनते आणि रक्तवाहिन्या सैल राहतात. जंतुनाशकाने मात्र हे उपयोगी जिवाणूही मरतात.

२०१३ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी १९ निरोगी व्यक्तींना आठवडाभर दिवसातून दोनदा क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या करायला सांगितल्या. तोंडातली नायट्राइटनिर्मिती सुमारे ९० टक्क्यांनी घटली, रक्तातले नायट्राइट २५ टक्क्यांनी उतरले आणि रक्तदाब २ ते ३.५ मिमीने चढला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या रुग्णांतही तीन दिवसांत वरचा दाब थोडा वाढलेला आढळला. हे प्रयोग छोटे आहेत, आणि सगळ्याच अभ्यासांत रक्तदाब वाढलेला नाही. तरीही रोज रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला हे कळायला हवे. एकीकडे गोळीने दाब उतरवायचा आणि दुसरीकडे विनाकारण तो चढू द्यायचा, हे कुणालाच परवडणारे नाही.

म्हणून तीन विनंत्या. आपल्या सभासदांनी चिठ्ठीवर गुळण्या कधी बंद करायच्या ती तारीख लिहावी. माउथवॉश देण्यापूर्वी रक्तदाबाची चौकशी करावी. आणि तोंडाच्या दुर्गंधीवर रोजचे जंतुनाशक सुचवण्याआधी हिरड्या, कीड आणि जीभ तपासून मूळ कारण शोधावे.

यासाठी नवा कायदा नको, खर्चही नाही. आपण एक परिपत्रक काढलेत, तरी राज्यभरातल्या दवाखान्यांत ही सवय लागेल. ते लवकर काढावे, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
रक्तदाबाची एक रुग्ण